पल्याडची बातमी

“आता शेवटची. पल्याडची.”

एवढं म्हणून तो आवाज थांबायचा. आवाज काही भारदस्त नव्हता. पण खोलीच्या चारही भिंतींना पुरून उरून तो ओट्यावर यायचा, ओट्यावरून पायऱ्या उतरायचा आणि रस्त्यावर दाटीने उभ्या असलेल्या माणसांच्या खांद्यांवर पाखरासारखा बसायचा. दिवसभर भट्टीवर विटा वाहिलेले खांदे ते. केसांत लाल धूळ, पापण्यांवर लाल धूळ. ‘शेवटची’ म्हटलं की कुजबुज विझायची, खोकला गिळला जायचा, आणि दुरुस्तीला आलेली घड्याळं तेवढी भिंतीवरून आपापली वेळ पुटपुटत राहायची, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

दादांनी आज सकाळी त्या खोलीच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं आणि त्यांना तो आवाज ऐकू आला. अण्णांचा. वडील जाऊन इतका काळ लोटला होता की छोटीने, म्हणजे दादांच्या मुलीने, आजोबांना फक्त फोटोत पाहिलं होतं. तरी आवाज होता. घड्याळांच्या जागी आता सायकलींची चाकं टांगलेली होती, तेलाचा आणि रबराचा वास होता, आणि मधोमध, ट्यूब बुडवायच्या पाण्याच्या टपाला टेकवून, गोणपाटात गुंडाळलेला दगड उभा होता.

“टपाला टेकवलास?” दादांनी धाकट्या भावाला विचारलं. “अण्णांचा दगड?”

“दगड नगरपालिकेचा आहे,” धाकटा म्हणाला. “टप माझा आहे. अण्णा दोघांचे.”

या धाकट्याला सगळं गाव पंक्चर म्हणायचं आणि तो खुशाल ओ द्यायचा. अण्णांच्या घड्याळांच्या दुकानात त्याने सायकलींचं दुकान थाटलं, त्यालाही जमाना झाला. दगड त्याच्याच दर्शनी भिंतीत बसणार होता. म्हणजे त्या भिंतीवर पुन्हा कधी टायर टांगता येणार नव्हते, आणि हे दुःख तो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हवा भरता भरता ऐकवत होता.

बाकी गोष्ट साधी होती. शहरातल्या जुन्या संस्थांच्या जागी नगरपालिका दगड बसवत होती. शाळेपाशी बसला, दवाखान्यापाशी बसला, बंबखान्याच्या घंटेखाली बसला. उरला होता तो हा, सगळ्यांच्या आधीचा, पहिल्या वाचनालयाचा. पाथरवटाने वरची ओळ कोरून आणली होती: ‘या खोलीत घड्याळजींनी शहरातले पहिले वाचनालय चालवले.’ त्याखाली दोन ओळींची जागा कोरी ठेवली होती. त्या घरच्यांनी ठरवायच्या, आणि आजच, कारण उद्या दगड भिंतीत जायचा होता. पाथरवट ओट्यावर चहा पीत बसला होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की काय भांडायचं ते आधी भांडून घ्या, दगडावर खोडरबर चालत नाही.

दादांची ओळ तर कधीचीच ठरलेली होती. रोज संध्याकाळी वर्तमानपत्र मांडीवर घेतलं की अण्णा आधी एक वाक्य म्हणायचे, आणि मगच पहिली बातमी. “छापलंय तेवढंच सांगतो, पदरचं काही नाही.” दिवस अफवांचे होते. भट्टी बंद पडणार, मालक पळून जाणार, नदीचं पाणी विषारी झालं, रोज कुणीतरी काहीतरी पेरून जायचं. त्या धुरळ्यात हा एक माणूस होता जो पदरचं काही घालत नव्हता. भट्टीवरच्या लोकांना लिहितावाचता येत नव्हतं, पण अण्णांवर ठेवायचा भरवसा त्यांना अचूक येत होता. अजूनही बाजारात भाव सांगताना एखादा म्हातारा दुकानदार म्हणतो, घड्याळजींचा भाव आहे, पदरचं काही नाही. दादा घरं बांधणारे कंत्राटदार. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या दारांवर दुसऱ्यांची नावं बसवली होती. आता एक ओळ त्यांना आपल्या बापासाठी हवी होती, आणि ती हीच.

---

छोटीला दुसरी ओळ हवी होती.

नगरपालिकेत हे दगडांचं काम तिच्याकडेच होतं. कामाच्या निमित्ताने ती त्या जुन्या जागांवरून इतक्यांदा फिरली होती की आता रस्त्याने जाताना तिला शहर दुहेरी दिसायचं, आजचं आणि त्याच्या आत उभं असलेलं पहिलं. शाळेच्या मागच्या भिंतीवरून ती नेहमी हात फिरवायची. त्या भिंतीतली एक वीट दुसरीसारखी नाही. कुठली जास्त भाजून काळवंडलेली, कुठली फिकी, कुठलीचा कोपरा उडालेला. कारण त्या विटा कुणी विकत आणल्याच नव्हत्या. एका संध्याकाळी या खोलीत शेवटची बातमी सांगितली गेली: पल्याड गावात शाळेला जागा मिळाली पण भिंती मिळेनात, तेव्हा भट्टीवरची माणसं घरी जाताना रोज एकेक वीट काखेत मारून निघाली, आणि मालक दारात उभा होता, त्याने आभाळात काहीतरी बघायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी इथल्या भट्टीवरून माणसं एकेक वीट घेऊन निघाली. आणि इथल्या मालकालाही आभाळात काहीतरी दिसलं. तोही आदल्या संध्याकाळी गर्दीत मागे उभा होता ना.

दवाखान्याचंही तसंच. तापाची साथ होती तेव्हा बातमी आली की पल्याडला तापाचं माणूस एकटं झोपत नाही, घराघरातून उशाशी बसायची पाळी लागते. इथे पाळी लागली. पाळीची माणसं एका पडवीत जमू लागली, पडवीत खाट आली, खाटेशेजारी औषधांचं कपाट आलं, आणि पुढे त्याला दवाखाना म्हणू लागले. बंबाचं तसंच: पल्याडला आग लागली की आधी घंटा, मग घागर. इथे घंटा टांगली गेली ती आजही तिथेच आहे.

छोटीला या सगळ्याचं नवल वाटायचं थांबतच नव्हतं. एका माणसाने खोलीत बसून चार वाक्यं सांगावीत आणि बाहेर भिंत उभी राहावी. अजूनही शहरात कुणी न मागता दुसऱ्याच्या कामाला धावलं की लोक विचारतात, काय रे, पल्याडचा का तू? विचारणाऱ्याला माहीत नसतं पल्याड कुठे आहे. तेच तर छोटी शोधत होती. पल्याडच्या लोकांना समारंभाला बोलवावं, त्यांच्यातल्या कुणी वृद्धाने दगडावरचा पडदा सारावा, आणि आपल्या शहराने त्यांना एकदा तोंडभरून सांगावं की आम्ही तुमच्यावरून शिकलो. ती नकाशांच्या कचेरीत गेली. जुने नकाशे पाहिले, नवे पाहिले. नदीकाठच्या गावांना फोन केले. ती वर्तमानपत्रं तर कुणी ठेवलीच नव्हती, तेव्हाच त्यांच्या पुड्या बांधून झाल्या होत्या.

“धरणाखाली गेलं असेल,” दादांनी आपला अंदाज सांगितला.

“किंवा नाव बदललं असेल,” पंक्चर म्हणाला. “इतकं चांगलं वागून गाव थकलं असेल. म्हणालं असेल, आता दुसऱ्या नावाने जरा वाईट वागून बघू.”

ओट्यावर पाथरवट चहात हसला. छोटीही हसली, आणि मग कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळली.

“आत्या, तू तर रोज असायचीस इथे. पल्याड कुठल्या बाजूला होतं ग? नदीच्या की डोंगराच्या?”

आत्या अण्णांची सगळ्यात थोरली. तिने उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात काढला होता. इतरांच्या चुका वेचून वेचून तिची नजर अशी झाली होती की ती दुकानाच्या पाटीकडे पाहायची ती काना-मात्रा बघायला. चष्मा कपाळावर सरकवून ती मांडीवरच्या दोरीशी चाळा करत बसली होती. जुनी, मळकी, जागोजाग गाठी मारलेली दोरी.

“पलीकडच्या,” ती म्हणाली.

---

वहिनींना, म्हणजे छोटीच्या आईला, ती दोरी माहीत होती. या घरात येऊन त्यांना गाठीची गोष्ट सगळ्यात शेवटी सांगितली गेली होती, आणि तीही दादांनी दार लावून.

घड्याळांच्या बारीक चाकांनी अण्णांचे डोळे खाल्ले होते. एक डोळा भिंग लावून लावून गेला, त्याच्या मागोमाग दुसरा. दुरुस्ती ते नुसत्या बोटांनी रेटत राहिले, पण छापील अक्षर बोटांना दिसत नाही. तेव्हा दुपारी, जेवणं झाल्यावर, थोरली त्यांना पेपर वाचून दाखवायची. तेव्हा ती परकरी पोर होती. बातम्या ध्यानात राहाव्यात म्हणून ती त्या गाण्यात बांधायची: पुलाची कमान ढासळली, गाडी अलीकडे थांबली, साखरेची किंमत चढली, मंत्र्याची खुर्ची मोडली. आणि एकेका बातमीला दोरीला एकेक गाठ. संध्याकाळी अण्णा पेपर उघडून धरायचे, पेपराखाली बोटं गाठीवरून चालायची, आणि तोंडातून बातम्या अशा यायच्या की कुणाला शंका येऊ नये. बाहेर हे कुणाला कळू द्यायचं नाही हा घरचा कडक नियम होता. दादांनी तो अजून मोडला नव्हता.

छोटीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. ती म्हणाली, दगडावर नुसतं घड्याळजी असं यायला नको, वाचणारी आत्या होती, तिचंही नाव यायला हवं. शहराचं पहिलं वाचनालय एका मुलीच्या वाचनावर चाललं, याहून मोठी गोष्ट कुठली?

दादांचा चेहरा उतरला, मग तापला. त्यांनी आधी हळू आवाजात समजावलं आणि मग तेवढ्याच मोठ्या आवाजात. लोक म्हणतील, आंधळा माणूस पेपर धरून बसत होता आणि आमच्या बापजाद्यांना उल्लू बनवत होता. ज्याच्या शब्दावर गाव उभं राहिलं त्याच्या शब्दालाच तडा जाईल. पंक्चर, जो सकाळपासून दगडाच्या विरुद्ध होता, तो या बाबतीत एकदम भावाच्या बाजूला झाला. म्हणाला, छोटे, घरातली गोष्ट आहे, घरात राहू दे. आणि दोघा भावांचं कशावर तरी एकमत झालं हे बघून वहिनींना असं वाटलं की आता आपण गप्प राहिलो तर कायमचं राहू.

“भट्टीवर सगळ्यांना माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

खोलीत कुणाला ते पहिल्यांदा कळलंच नाही.

“काय माहीत होतं?” दादा म्हणाले.

“त्यांना दिसत नाही ते.”

वहिनी भट्टीवरच्या माणसाची मुलगी. सासऱ्यांना सासरे म्हणून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, सून होऊन आल्या तेव्हा ते नव्हतेच. पाहिलं होतं ते बापाच्या खांद्यावर बसून, ओट्याखालच्या गर्दीतून. आता त्या एका बाजूला कललेल्या सायकलीच्या सीटवर हात ठेवून सांगू लागल्या, भाजी निवडताना सांगावं तशा. त्या दिवशी पेपरात पहिल्याच पानावर आगबोटीचं मोठं चित्र होतं. घड्याळजींनी पेपर उघडला, आणि कंदिलाच्या उजेडात सगळ्यांनी पाहिलं: समुद्र वर, आगबोट खाली, आणि धुराड्यातून निघालेला धूर जमिनीकडे वाहतोय. पेपर उलटा होता. घड्याळजी बातम्या सांगत होते, सुरळीत, एकही शब्द न अडखळता.

“मला हसू फुटलं,” वहिनी म्हणाल्या. “लहानच होते. तर आमच्या बाबांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. हात असा खरखरीत, विटेसारखा. दुखलं मला. खाली वाकून बघितलं तर ते रडत होते. मी सगळीकडे बघितलं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळे नुसते ऐकत होते.”

“मग?” छोटीने विचारलं.

“मग काय. शेवटची पल्याडची झाली आणि सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून मुकादम सगळ्यांच्या आधी यायला लागले. पेपराची घडी मोडून, सरळ करून घड्याळजींच्या हातात द्यायचे. ते आजारी असले की दुसरं कुणीतरी द्यायचं. कुणी ठरवलं नव्हतं. पाळी लागली.”

दादा पाण्याच्या टपाच्या कडेवर बसले. त्यांना मुकादम आठवला. दांडगा, मिशाळ माणूस, आख्ख्या भट्टीला शिव्या घालणारा, आणि रोज संध्याकाळी पायऱ्या चढून, ‘द्या घड्याळजी, मी उघडून देतो,’ म्हणत दोन्ही हातांनी पेपर पुढे करणारा. लहान दादा बापाशेजारी छाती फुगवून बसायचे. आपल्या वडिलांचा केवढा मान, असं त्यांना वाटायचं. आयुष्यभर तसंच वाटत आलं होतं.

“मी तो मान समजत होतो,” ते म्हणाले.

“मानच होता तो,” वहिनी म्हणाल्या.

“आणि तू मला इतकी वर्षं बोलली नाहीस.”

“तुम्ही दार लावून सांगितलंत. इतकं जपून सांगितलंत. मी कशी म्हणणार, मला माहीत आहे म्हणून?”

पंक्चरने उगाचच एक चाक फिरवलं. ते बराच वेळ टिकटिकत फिरत राहिलं आणि कुणी त्याला थांबवलं नाही. भिंतीपलीकडे रस्ता वाहत होता, गाड्या, शाळेची मुलं, भाजीची हातगाडी. छोटीला वाटलं, या रस्त्यावर एके काळी शेकड्याने माणसं उभी होती आणि त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून ही गोष्ट सांडली नाही. घरी बायकोला सांगितली असेल, पोरांना सांगितली असेल, पण इथे, या ओट्यापाशी, नाही. आपण भिंतींना दगड बसवत फिरतोय. हे जे उभं राहिलं होतं त्याला दगड कुठे बसवायचा?

दादा उठले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. छोटीचं बरोबर आहे, ते म्हणाले. थोरलीचं नाव दगडावर आलं पाहिजे. आता कुणापासून लपवायचं आहे? त्यांनी ओळ स्वतःच जुळवली आणि पाथरवटाला आत बोलावलं. पहिली ओळ: ‘थोरली लेक वाचे, वडील सांगत. छापील तेवढेच, पदरचे काही नाही.’ दुसरी छोटीची: ‘येथे कळलेल्या पल्याड गावाच्या उदाहरणावरून शाळा, दवाखाना, बंब उभे राहिले.’ पंक्चर म्हणाला, इतकं सगळं लिहिणार असाल तर घ्या भिंत, टायर मी आढ्याला टांगतो. पाथरवटाने गोणपाट सोडलं. दगड काळाभोर होता, घासून आरशासारखा केलेला, आणि सगळ्यांची डोकी त्यात धूसर दिसत होती. त्याने कानावरचा खडू काढला आणि कोऱ्या जागेवर अक्षरं आखायला घेतली.

“ताई,” दादा आत्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. “बरोबर आहे ना ग? तू दुपारी वाचायचीस तेच अण्णा सांगायचे. तुझ्याइतकं छापलेलं कुणी जपलं नाही. सांग एकदा, म्हणजे हा कोरायला घेईल.”

---

आत्याची बोटं दोरीच्या शेवटच्या गाठीवर होती.

ही गाठ बाकीच्यांहून वेगळी होती. मोठी, दुहेरी. ती पहिल्यांदा मारली तो दिवस तिच्या बोटांना आठवत होता. त्या दिवशी पेपर काळा होता, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. खाण कोसळलेली, लढाई पेटलेली, ताप पसरत आलेला. सगळं गाण्यात बांधून झालं, आणि अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले. हे सांगून माणसांना घरी कसं पाठवू, असं काहीतरी ते स्वतःशीच बोलले. ती पोर पेपर घडी करत होती. तिच्या जिभेला गाण्याची सवय लागलेली, कामापाठोपाठ ओठ आपोआप चालायचे. ती गुणगुणली:

अल्याडची बातमी संपली बाई,
पल्याडची अजून आली नाही.

अण्णांनी मान वळवली. “काय म्हणालीस? पल्याडची आहे का काही?”

त्यांना ते गावाचं नाव वाटलं. तिला सांगायचं होतं की नाही, हे नुसतं गाणं आहे. पण त्यांच्या त्या न दिसणाऱ्या डोळ्यांत असं काही उजळलं होतं की तिची जीभ वळेना.

“आहे,” ती म्हणाली. “खाली कोपऱ्यात आहे. लहानशी आहे.”

आणि तिने पेपर पुन्हा उघडला. धान्याच्या भावांवरून बोट फिरवत तिने त्यांना सांगितलं की पल्याडला नदीला पूर आला होता आणि एका म्हातारीने रात्रभर काठावर दिवा धरला, म्हणून नाव परत आली. अण्णांनी ते दोनदा म्हणून घेतलं. ती दुहेरी गाठ तेव्हाची.

संध्याकाळी तिने आतल्या खिडकीतून माणसांचे चेहरे पाहिले. ते चेहरे तिला पुढे आयुष्यात कुठल्याच पुस्तकात भेटले नाहीत. दुसऱ्या दिवशी कुणीतरी भट्टीवर विचारलं, आज पल्याडची आहे का? आणि मग रोज असावीच लागली.

तिने काही फार मोठं रचलं नव्हतं. आई परसात विटा रचून चूल मांडायची तसं ती दुपारी अंगणाच्या कडेला बसून पल्याड रचायची. आज त्यांना शाळा देऊ. आज त्यांच्याकडे ताप येऊ दे, पण कुणी एकटं नको. तिला वाटायचं, दूरचं आहे, कोण बघायला जातंय. मग एके दिवशी खिडकीतून तिने पाहिलं, तिन्हीसांजेच्या उजेडात भट्टीवरून माणसांची रांग येत होती आणि प्रत्येकाच्या काखेत एकेक वीट होती. रांग संपत नव्हती. तिला आधी भीती वाटली, मग अंगावर काटा आला. तिने सांगितलेली माणसं नदी ओलांडून चालत आल्यासारखी दिसत होती. तेव्हाच तिच्या ओठांना जे कुलूप बसलं ते बसलं. ज्या विटा खऱ्या होऊन चालल्या होत्या त्यांच्यासमोर उभं राहून ती कसं सांगणार होती की मागे काही नाही म्हणून?

आणि अण्णा. ते रोज त्याच तोंडाने म्हणत होते, पदरचं काही नाही. त्यांचा शब्द खोटा करणारी ती एकटीच होती, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. असं तिला वाटत होतं, पावसात शहराकडे येणारा रस्ता वाहून गेला त्या दिवसापर्यंत. त्या दिवशी पेपर आलाच नाही. दुपारी ती रिकाम्या हातांनी त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, अण्णा, आज काही नाही. अण्णांनी दोरी हातात घेतली. एकेक गाठ मोकळी करत गेले, शेवटची तेवढी ठेवली.

“मग शेवटचीच सांग,” ते म्हणाले.

त्याहून एक शब्द जास्त नाही. त्या संध्याकाळी त्यांनी जुनाच पेपर मांडीवर घेतला. आणि नेहमीचं वाक्य, छापलंय तेवढंच, ते त्या संध्याकाळी त्यांनी म्हटलं नाही. बाहेर उभ्या असलेल्या कुणीही ते का म्हटलं नाही, असं विचारलं नाही. कुणी विचारलं नाही याचा अर्थ तिला आज, वहिनी बोलल्या तेव्हा, पहिल्यांदा कळत होता. रस्ता वाहून गेला होता. पेपर कुठून आला असेल, हे भट्टीवरच्या लोकांना कळत नव्हतं थोडंच?

तिने डोळे वर केले. पाथरवटाचा खडू ‘पदरचे’पाशी पोचला होता. काळ्या दगडावर पांढरं अक्षर सुरेख उमटत होतं, काना सरळ, मात्रा नीट. मुद्रितात तिने ती ओळ बिनचूक म्हणून सोडली असती. दादा तिच्याकडे बघत होते, लहान असताना बापाशेजारी बसून बघायचे तसे.

आत्या उठली. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू, आणि दगडापाशी गेली. तिने मनगटाने ‘पदरचे काही नाही’ एवढी अक्षरं पुसली. खडूची भुकटी तिच्या हाताला लागली.

“दादा,” ती म्हणाली, “वरच्या सगळ्या बातम्या छापलेल्या होत्या. काना-मात्रेसकट. पण पल्याड नकाशात सापडायचं नाही, छोटे, ते कुठेच नव्हतं. मी रचलं ते. आणि अण्णांना कळलं होतं, आणि आता वाटतं, खाली उभ्या असलेल्यांनाही.” गाठीवरचा अंगठा तिने सोडला नाही. “शेवटची पदरचीच असायची. माझ्या पदरची.”